गावची हवा आणि चेतनाची तब्येत

माझ्या तोंडात पोळीचा घास होता आणि हातात मोबाइल. मोबाइलवर एक दाढीवाला तरुण शहरातली नोकरी सोडून गावात राहायला गेला होता आणि सारवलेल्या अंगणात बसून वांगं भाजत होता. मागे बासरी वाजत होती. मी घास गिळला आणि म्हणालो, "आपण गावात राहाले जाऊ."

एवढंच बोललो. माणूस जेवताना याहून वाईट गोष्टी बोलतो आणि त्याला काही होत नाही. पण त्याच दिवशी आमच्या घरी कंपनीचं पत्र आलेलं होतं, म्हणून माझं वाक्य जेवणाच्या ताटात न पडता थेट घराच्या राजकारणात पडलं.

मी गौतम रामटेके. छत्तीसगढात रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात डिस्पॅचला क्लार्क आहे. चौदा वर्षं आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आता कंपनीला तिथं शेड बांधायचं होतं, तेव्हा जूनअखेर क्वार्टर रिकामं करा, असं ते पत्र होतं. क्वार्टर सुटल्याचं दुःख कोणाला नव्हतं. सिलतऱ्यात काळी धूळ पडते. शेजाऱ्यांनी हौसेनं पांढरी मांजर आणली होती. महिन्याभरानं तिचा रंग विचारला की ते विषय बदलायचे.

माझी बायको चेतना हिनं नवीन घर आधीच ठरवून ठेवलं होतं. रायपूरच्या बाहेर नव्या रस्त्यावर 'शुभांगन हाइट्स' नावाची कॉलनी झाली आहे. लिफ्ट, गेट, बाग, बॅडमिंटन कोर्ट. तिचं रंगीत पत्रक चेतनानं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यावरच्या हसऱ्या कुटुंबाला ती नावानिशी ओळखत असावी.

"गावात काय आहे?" तिनं विचारलं.

"हवा आहे."

"हवा फ्लॅटमध्येही आहे. सहाव्या माळ्यावर आहे."

माझी मुलगी शर्मिष्ठा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर ती हिंदीतच देते. (मी मराठीत रागावलो की ती हिंदीत रुसते.) तिनं विचारलं, "पापा, वहाँ नेटवर्क आएगा?"

आणि मग माझे वडील बोलले. वडिलांचं नाव लहानू. रेल्वेत पॉइंट्समन होते. रिटायर झाल्यापासून ते दिवसाला चार वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन चहाबद्दल असायची. त्या रात्री म्हणाले, "मी गाव सोडलं तवा अठरा वर्षांचा होतो. काहून सोडलं ते तुले सांगितलं आहे. आता तू मले कोणत्या पाऱ्यात नेऊन ठेवतं?"

पारा म्हणजे वस्ती. कोणत्या वस्तीत कोणी राहायचं आणि कोणत्या विहिरीवर कोणी जायचं, यावरून वडिलांनी भंडाऱ्याकडचं गाव सोडलं होतं आणि नंतर कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. दाढीवाल्याच्या व्हिडिओत हा प्रश्न आलेला नव्हता. मी पोळीचे तुकडे करत बसलो.

मार्ग काढला मनहरण कुर्रेनं. कुर्रे आमच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. त्याचं गाव अभनपुरच्या पुढं दहा-बारा किलोमीटरवर. (गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझी जी काय अब्रू उरली आहे, ती मला पुरवून वापरायची आहे.) तिथलं त्याचं घर रिकामंच होतं. कुर्रे सतनामी, म्हणजे वडिलांनी गावात जे सोसलं ते त्याच्या समाजानंही सोसलेलं. तो वडिलांना म्हणाला, बाबूजी, आमच्या चौकात जैतखाम, म्हणजे आमच्या पंथाचा खांब उभा आहे, त्यावर पांढरा झेंडा आहे, अर्धं गाव आमचंच आहे. तुम्ही आठ दिवस राहून पहा, पाण्यावरून कोणी काही बोललं तर मला सांगा. वडील म्हणाले, "पाहू."

करार असा ठरला. मे महिन्यात आठ दिवस गावात राहायचं. नवव्या दिवशी मत घ्यायचं. घरातला एक माणूस जरी नाही म्हणाला, तरी शुभांगन हाइट्स. चेतनानं हा करार लगेच मान्य केला. तिचा मोठेपणा पाहून मला भरून आलं. (तो एक माणूस ती स्वतःच होणार होती, हे मला नंतर कळलं.)

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला दार न वाजवता एक म्हातारी अंगणात आली आणि चेतनाला म्हणाली, "का साग रांधे हस, नोनी?" म्हणजे काय भाजी केलीस, पोरी. ही केजा दाई, कुर्रेची काकू, भिंतीला भिंत लागून राहणारी. चेतना तेव्हा दात घासत होती. भाजी अजून दुकानात होती. दाई परत गेली आणि टोपलीभर भाजी घेऊन आली, आणि बरोबर दोन सुना घेऊन आली, आणि त्यांच्यामागं इतर कोण कोण आलं. सहा वाजेपर्यंत आमच्या अंगणात नऊ बाया होत्या आणि त्यांना आमचं सगळं माहीत झालं होतं: लेकरू एकच का, माझ्या पोटाला काय होतं, चेतनाचं माहेर कुठलं.

मी हळूच उठून अंगणाच्या टोकाला संडासात गेलो. तिथं तरी शांतता असेल असं वाटलं. दोन मिनिटांत बाहेरून पुरुषाचा आवाज आला. त्यानं मला राम-राम केला, मी कुठं काम करतो ते विचारलं, आणि कारखान्यात भाच्यासाठी काही जमेल का, असंही विचारलं. मी आतून उत्तरं दिली. दुसरं काय करणार. निघताना तो म्हणाला, आरामात बसा, घाई नाही.

आता एक गोष्ट मान्य करतो. सिलतरा रायपूरच्या उत्तरेला आहे, अभनपुर दक्षिणेला आहे आणि मध्ये अख्खं रायपूर आहे. नकाशा मी शाळेत पाहिलेला होता, पण त्याचा अर्थ मला मोटरसायकलवर बसल्यावर कळला. सकाळी सहाला निघायचं, मे महिन्याच्या उन्हात चेहरा भाजून घ्यायचा, दिवसभर ट्रकांच्या पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी तितकंच परत. साडेआठला घरी पोचलो की अंगणात बाजेवर पाच-सहा जण माझी वाट पाहत बसलेले असायचे, कारण दिवसभर मी त्यांच्या तावडीत सापडलेलो नसायचो. पाचव्या दिवशी माझी पाठ अशी झाली की वाकून बूट काढता येईना. शर्मिष्ठानं काढून दिले.

मला लिफ्ट हवी होती. मला गेट हवं होतं, आणि गेटवर असा वॉचमन, जो माझ्या पोटाबद्दल काही विचारणार नाही.

पण सांगू कोणाला? गाव-गाव म्हणून नाचलो मीच होतो. आणि घरात नाही म्हणणारं दुसरं कोणी दिसेना. शर्मिष्ठाला तळ्याच्या बांधावर नेटवर्क सापडलं होतं. गावातल्या सगळ्या पोट्ट्या संध्याकाळी तिथं जमायच्या आणि ती त्यांच्यात जाऊन बसायची. तिला सापांची भीती घालायला गेलो तर तिनं मला मोबाइलवर एका सापाचा फोटो दाखवला आणि त्याचं छत्तीसगढी नाव सांगितलं. वडील तर दुसऱ्याच दिवशी केजा दाईसमोर पाण्याचा लोटा घेऊन उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "हमारे घर का पानी पिओगी?" दाईनं लोटा घेतला, घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि विचारलं की पाणी गरम का आहे, घरात मडकं नाही का. त्या संध्याकाळी तिनं मडकं पाठवलं. तेव्हापासून वडील कडुलिंबाखाली तीन म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळत होते आणि दिवसाला किती वाक्यं बोलत होते, हे मोजायचं मी सोडून दिलं होतं.

राहिली चेतना. तिसऱ्या दिवशी तिनं पांढरी चादर धुऊन अंगणात वाळत घातली होती. सिलतऱ्यात ती चौदा वर्षं कपडे खोलीत, पंख्याखाली वाळवत आली. बाहेर घातले की काळे ठिपके. त्या संध्याकाळी मी आलो तेव्हा ती चादर हातात घेऊन उभी होती. उलटून पाहत होती, सुलटून पाहत होती. मला म्हणाली, "पहा." मी पाहिलं. चादर पांढरी होती. मी म्हणालो, "चहा ठेव." (असा मी आहे.)

तरी मला आशा होती. तिनं तोंडानं काही कबूल केलेलं नव्हतं. तिला जरा वैताग आला, तर ती आपणहून फ्लॅट म्हणेल आणि मला नाइलाजानं मान तुकवावी लागेल. त्यासाठी मी एक युक्ती काढली. कारखान्यातून येताना मंदिर हसौदच्या फाट्यावर लिंबूपाणी पीत असताना सुचली, आणि इतकी छान वाटली की मी आणखी एक ग्लास प्यायलो.

शनिवारी संध्याकाळी केजा दाईला एकटं गाठलं आणि माझ्या मोडक्या भाषेत तिला सांगितलं की बाईची तब्येत इथं जमत नाही आहे. सकाळी मळमळतं. शरमेनं कोणाला बोलत नाही. कोणाला सांगू नका. (हे शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, म्हणजे गावभर होईल.) माझा हिशेब असा: बाया येऊन विचारतील, इथली हवा सोसत नाही का, मग जा ना बाई शहरात, चेतना वैतागेल, रविवारी रात्री सामान बांधायचं.

दाईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बने होगे बेटा, बने होगे."

छान झालं, असा त्याचा अर्थ होतो. बायकोची तब्येत बिघडल्यावर छान काय झालं, याचा विचार मी करायला हवा होता. पण पाठ दुखत होती. झोपलो.

रविवारी सकाळी सातला पहिली बाई आली आणि तिनं चेतनाच्या हातातली बादली काढून घेतली. दुसरीनं तिला धरून बाजेवर बसवलं. तिसरी कैऱ्या घेऊन आली, चौथी चिंच. एकीनं रव्याचे लाडू आणले, एकीनं काढा. चेतना सगळ्यांना विचारत होती की आज सण आहे का. केजा दाई तिच्या शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कतका महीना होगे, नोनी?"

चेतनाला नीट कळलं नाही. शर्मिष्ठाला कळलं. तिच्या हातातला मोबाइल खाली पडला, आणि तिच्या बाबतीत हे आजवर झालेलं नाही.

"मम्मी," ती म्हणाली, "ये पूछ रही हैं कितना महीना हुआ."

"कशाला?"

शर्मिष्ठानं सांगितलं नाही. फक्त आईच्या पोटाकडं पाहिलं.

तोवर बायांमध्ये सधौरी कोण करणार यावर बोलणी सुरू झाली होती. सधौरी म्हणजे आपलं डोहाळजेवण. दाई म्हणत होती पहिला मान तिचा. तेवढ्यात वडील कडुलिंबाखालून परत आले. पत्त्यांचा डाव अर्धवट टाकून आले होते. टोपी खुंटीला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वय काय तुझं?"

"शेचाळीस."

"मले वाटलं होतं आता अक्कल आली असंल," ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

चेतना शांत होती. बायको ओरडते तेव्हा माणसाला पळायला वेळ मिळतो. ती शांत असली की नाही. तिनं कैरी बाजूला ठेवली आणि बायांसमोर मला विचारलं, "तुम्ही दाईले काय सांगितलं?"

मी म्हणालो, तुझी तब्येत बरी नाही, एवढंच सांगितलं. बायांना मराठी अर्धवट कळत होती, म्हणून त्या शर्मिष्ठाकडं पाहायला लागल्या. शर्मिष्ठानं माझं वाक्य स्वच्छ हिंदीत सांगितलं. मोठ्या आवाजात. शाळेत ती वक्तृत्वात होती.

"काहून सांगितलं?"

"म्हटलं, तू कंटाळशील... अन् मंग तूच फ्लॅट म्हणशील."

शर्मिष्ठानं भाषांतर केलं.

"मी काहून फ्लॅट म्हणीन? गाव तर तुम्हाले पाहिजे होतं."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सांगून टाकलं की मला नाही राहवत इथं. रोज शंभर किलोमीटर गाडी चालवून माझी पाठ गेली. मला अर्धा तास कोणी बोललं नाही तर बरं वाटेल. संडासातसुद्धा लोक नोकरी मागतात. शर्मिष्ठानं यातला एकही शब्द गाळला नाही. संडासाचं वाक्य तर तिनं दोनदा सांगितलं, कारण मागच्या बायांना ऐकू गेलं नव्हतं.

केजा दाई मांडीवरच्या लाडवांच्या ताटाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "अतेक बात रिहिस त सोझ कहि देतेस, बाबू." एवढंच होतं तर सरळ सांगायचंस.

आणि मग चेतना हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. तिला हसताना पाहून दाई हसली, दाईला पाहून तिच्या सुना, आणि मग ते काही थांबेना. एक बाई भिंतीला धरून उभी राहिली. हसता हसता चेतनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि थोड्या वेळानं मला कळलं की ती आता हसत नाही आहे.

संध्याकाळी बाया गेल्यावर ती मला त्याबद्दल बोलली. सहा वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला होता. बारा दिवस ती क्वार्टरमध्ये पडून होती. त्या बारा दिवसांत आमच्या दारावर एकदा टकटक झाली, आणि ती पाण्याची टाकी भरून वाहते आहे हे सांगायला.

"इथं खोट्या तब्येतीले इतके लोक आले," ती म्हणाली. "खरी असती तर?"

मी तिची माफी मागितली. खरी मागितली. तिनं एक लाडू मला दिला, म्हणजे निम्मी माफी मिळाली.

करार तो करार, म्हणून सोमवारी रजा टाकून मी सगळ्यांना शुभांगन हाइट्सला नेलं. माझं मत फ्लॅटला होतं आणि एकाचं 'नाही' पुरेसं होतं, हे मी रस्त्यात दोनदा बोलून दाखवलं. चेतना म्हणाली, "हो, तुमचं मत आहे. मले एकदा पाहू तर द्या."

मॅनेजर फार सभ्य माणूस होता. त्यानं सहावा माळा दाखवला, लिफ्ट दाखवली. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतले, इतकं सुख झालं. वडिलांनी विचारलं, बसायचं कुठं? त्यानं सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक आहेत, वेळ पाच ते सात. चेतना बाल्कनीत गेली. मोठी बाल्कनी होती, ऊन छान येत होतं.

"कपडे इथं वाळवायचे ना?" तिनं विचारलं.

मॅनेजर दिलगीर झाला. बाल्कनीत कपडे चालत नाहीत, मॅडम. बाहेरून बिल्डिंगचा लुक खराब होतो. सगळे आत वाळवतात, पंख्याखाली.

चेतनानं माझ्याकडं पाहिलं. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, शर्मिष्ठानं पाहिलं. मॅनेजरनंसुद्धा पाहिलं, त्याला काय कारण होतं कोणास ठाऊक. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. करारानं मला तो वापरायचा पूर्ण हक्क होता. मला ती चादर आठवली, आणि मी काय म्हणालो होतो तेही आठवलं.

"गाव," मी म्हणालो.

जूनमध्ये आम्ही ट्रक करून कुर्रेच्या घरी आलो. चेतना आता छत्तीसगढी बोलते, 'हो'लासुद्धा 'हव' म्हणते. शर्मिष्ठा अभनपुरला अकरावीत आहे. वडिलांना पत्त्यांतून जेवायला उठवावं लागतं. मी पहाटे अंधारात निघतो आणि ओव्हरटाइम असला की पार अंधार पडल्यावर पोचतो. रविवारी झोपतो.

मागच्या रविवारी पंचायतीकडून घरोघर सर्व्हे करणारी बाई फॉर्मवर सही घ्यायला आली. आधी ती आली होती तेव्हा आमच्याकडं कोणी नव्हतं आणि माहिती पलीकडच्या घरातल्या नव्या सुनेनं दिली होती. बाईनं फॉर्म वाचून दाखवला. घरात माणसं तीन: लहानू रामटेके, चेतना, शर्मिष्ठा. मी बाजेवरून उठून बसलो आणि म्हणालो, चार. मीही इथंच राहतो.

बाईनं चष्म्यावरून मला नीट पाहिलं. मग फॉर्मच्या खालच्या, शेऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज अगदी खाली आणून चेतनाला विचारलं, "दीदी, वो जो रात को एक आदमी आता है और मुंह-अंधेरे निकल जाता है, वो यही हैं क्या?"

चेतनानं पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हणाली, "हव."